कृत्रिम रंग तोडणारी जनुके : शोध आणि खात्री

संस्थेच्या विज्ञान अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला एक प्रश्न विचारला. "सर, 'रंग खाणारे जिवाणू सापडले' अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. जिवाणू सापडला, पाण्याचा रंग गेला, काम झाले. मग त्याचे जनुक शोधण्यात माणसे वर्षानुवर्षे का घालवतात?" प्रश्न साधा होता. पण त्या दिवशी आम्हांला त्याचे धड उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही दोघा-तिघांनी मिळून जे वाचले, आपसांत वाद घालून जे समजून घेतले, ते या लेखात विद्यार्थी मित्रांपुढे आणि सभासद बंधुभगिनींपुढे ठेवत आहोत.

सुरुवात आमच्याच एका फजितीने करतो. अभ्यासवर्गात प्रयोग दाखवावा म्हणून आम्ही एका काचेच्या बरणीत नाल्यातला गाळ घेतला, पाणी घातले आणि जखमेवर लावायचे जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, त्याचे काही थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी जवळजवळ स्वच्छ! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही "पाहा, जिवाणूंनी रंग फस्त केला" असे सांगून मोकळे झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने बरणी उचलून खालून पाहिली. तळाचा गाळ जांभळाजर्द होता. त्या गाळावर थोडे स्पिरिट ओतताच रंग पुन्हा वर आला. म्हणजे रंग कोणी तोडलाच नव्हता, तो गाळाच्या कणांना चिकटून बसला होता. रंग दिसेनासा होणे आणि रंग तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा पहिला धडा आम्हांला त्या मुलाने दिला, आणि पुढचा सगळा लेख याच फरकाभोवती फिरणार आहे.

आता थोडे मागे जाऊ. १८५६ पर्यंत जगातले जवळजवळ सगळे कापड वनस्पती, कीटक आणि खनिजे यांच्या रंगांनी रंगत होते. आपल्याकडे नीळ होती, मंजिष्ठा होती, आलाच्या मुळांचा लाल रंग होता. त्या वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरचे क्विनाइन प्रयोगशाळेत तयार करण्याची खटपट करीत होता. क्विनाइन काही झाले नाही, हाती लागला एक जांभळा रंग. हा पहिला मोठा कृत्रिम रंग. दोनच वर्षांनी, १८५८ मध्ये, पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने डायझो संयुगांचा शोध लावला आणि त्यातून अ‍ॅझो रंगांचे घराणे जन्माला आले. (हे ग्रीस महाशय पुढे इंग्लंडमध्ये बीअरच्या कारखान्यात नोकरीला होते. रंगांच्या इतिहासात अशा गमती पुष्कळ आहेत.) आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग अ‍ॅझो घराण्यातले आहेत.

अ‍ॅझो रंगाची ओळख म्हणजे त्याच्या रेणूच्या मध्यभागी असलेली नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी. हे दोन अणू एकमेकांना दुहेरी बंधाने धरून असतात आणि दोन्ही बाजूंना कार्बनची वलये असतात. या जोडीमुळेच रेणू प्रकाशाचा विशिष्ट भाग शोषतो आणि आपल्याला लाल, नारिंगी, पिवळा रंग दिसतो. जोडी तुटली की रंग जातो. तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात. ते मिळाले म्हणजे एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला अमाइन गट येतो. हे अमाइन बहुधा रंगहीन असतात. रंगहीन म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मात्र इथेच लक्षात ठेवावे.

इचलकरंजी, सोलापूर यांसारख्या गावांतील वाचकांना कापडाच्या प्रोसेस हाऊसमधून बाहेर पडणारे पाणी कसे असते हे सांगायला नको. सुती कापडासाठी आज जे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुण्यात टिकतात. पण रंगाच्या टाकीत धाग्याबरोबर पाणीही असते. रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो. असा रंग धाग्याला पुन्हा कधीच धरत नाही, तो धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर जातो. त्या पाण्यात मीठ भरपूर, सोडा भरपूर, आणि पाणी अनेकदा गरमही. हे रंग उन्हाने, घामाने, साबणाने जाऊ नयेत म्हणून मुद्दाम चिवट बनवलेले असतात. कपड्यावर जो गुण, तोच नदीत अवगुण.

अशा पाण्यातून, गाळातून आणि त्याच्या काठच्या मातीतून रंग घालवणारे जिवाणू वेगळे करण्याचे काम आपल्याकडेही पुष्कळ झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील जीवरसायनशास्त्र विभागाचे या विषयावरचे शोधनिबंध जगभर वाचले जातात. पद्धत अशी. गाळाचा नमुना घ्यायचा, त्यात रंग आणि थोडे पोषक द्रव्य घालायचे, जे तगतील आणि रंग घालवतील त्यांना पुन्हापुन्हा नव्या चंबूत न्यायचे, आणि शेवटी आगरच्या बशीवर एकेक वसाहत वेगळी करायची. हा भाग धीराचा आहे, पण अवघड नाही. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. एका जिवाणूमध्ये साधारण चार-पाच हजार जनुके असतात. त्यांतले रंग तोडण्याचे काम कोणाचे?

जनुक म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यावरचा एक तुकडा. त्यात बहुधा एखादे प्रथिन कसे घडवायचे याची आज्ञा असते. रंग तोडणारे प्रथिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. तेव्हा जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे आधी विकर पकडायचे आणि त्याच्यावरून जनुकाकडे जायचे.

याचे एक चांगले उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले. तिथल्या संशोधकांनी जिवाणूंना दीर्घकाळ सतत वाहत्या संवर्धनात ठेवून, अन्न हळूहळू बदलत, एका अ‍ॅझो रंगावरच जगायला लावले. त्या रंगाचे नाव कार्बॉक्सी-ऑरेंज २. अशा सवय लावलेल्या जिवाणूतून त्यांनी १९८२ मध्ये रंग तोडणारे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. विकर मिळाले, पण त्याचे जनुक? ते जर्मनीतील संशोधकांनी वेगळे करून २००२ मध्ये प्रसिद्ध केले. मधे वीस वर्षे गेली. तोपर्यंत त्या जिवाणूचे नावसुद्धा बदलून झेनोफिलस अ‍ॅझोव्होरन्स असे झाले होते. विकराच्या साखळीतील काही अमिनो आम्ले ओळखायची, त्यांच्यावरून डीएनएची अक्षरे कोणती असतील याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाच्या तुकड्याने सगळ्या डीएनएमध्ये जुळणारी जागा शोधायची, असा हा मार्ग आहे. गर्दीत हरवलेल्या माणसाला त्याच्या सदऱ्याच्या चिंधीवरून शोधण्यासारखेच.

याच जिवाणूच्या बाबतीत आणखी एक बोधप्रद गोष्ट घडली. त्याचे विकर ऑरेंज २ या बाजारातल्या रंगालाही तोडत होते. या रंगात कार्बॉक्सी गटाच्या जागी सल्फो गट असतो. तरी जिवाणूला त्या रंगावर वाढता येईना. तोडल्यावर निघणारा सल्फो गटाचा तुकडा त्याला पुढे पचत नव्हता. तो साचला आणि बाकीच्या पचनातही अडथळा आणू लागला. पहिले जनुक असले तरी पुढची नसतील तर घास घशाशीच अडकतो.

दुसरे उदाहरण आम्हांला फार आवडले, कारण त्यात एक नावाची चूक उघडकीला आली. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा, प्रयोगशाळांत सर्वांत जास्त अभ्यासलेला जिवाणू. त्याची संपूर्ण डीएनए-लिपी १९९७ मध्ये वाचून झाली. अशी लिपी वाचल्यावर प्रत्येक जनुकापुढे 'याचे काम अमुक असावे' अशी चिठ्ठी लावतात. त्यातल्या एका जनुकावर एसीपी-डी अशी चिठ्ठी होती. स्निग्धाम्ले तयार करण्याच्या कामातले एक विकर ते बनवत असावे, असा समज होता. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी ई. कोलायमधून मिथाइल रेड हा रंग तोडणारे विकर शुद्ध केले, त्याच्या साखळीच्या सुरुवातीची अमिनो आम्ले वाचली, आणि ती जुळली नेमकी या एसीपी-डी जनुकाशी! मग त्यांनी ते जनुक वापरून विकर भरपूर प्रमाणात तयार केले आणि तपासले. विकराच्या दोन सारख्या साखळ्या एकत्र बसतात, प्रत्येकीचे वजन सुमारे २३ हजार डाल्टन. सोबत एफएमएन हा पिवळा सहघटक, जो 'ब-२' जीवनसत्त्वापासून बनतो. इलेक्ट्रॉन येतात एनएडीएच या रेणूकडून. एनएडीएचचा एक रेणू दोनच इलेक्ट्रॉन देतो, म्हणून अ‍ॅझो जोडी तोडायला त्याचे दोन रेणू खर्ची पडतात. मिथाइल रेडचे दोन तुकडे कोणते झाले तेही त्यांनी दाखवले. आज त्या जनुकाला अ‍ॅझो-आर म्हणतात. ज्या कामाची चिठ्ठी त्याला चुकून लागली होती ते काम करणारे जनुक भलतेच निघाले.

विद्यार्थी मित्रांनी इथे क्षणभर थांबावे. ई. कोलाय कोट्यवधी वर्षे आतड्यांत राहतो आहे, आणि अ‍ॅझो रंग १८५८ नंतरचे. मग हे विकर त्याच्याकडे आले कशासाठी? पुढच्या अभ्यासांतून दिसले की हे विकर क्विनोन नावाच्या संयुगांनाही इलेक्ट्रॉन देते, आणि अशा त्रासदायक संयुगांपासून पेशीचे रक्षण करण्यात त्याचा वाटा आहे. म्हणजे रंग तोडणे हा त्याचा जोडधंदा असावा. घरातला अडकित्ता सुपारीसाठी असतो, प्रसंगी आपण त्याने दोराही कापतो. म्हणून अडकित्त्याला 'दोर-काप' म्हणायचे का? जिवाणूंच्या यादीत 'अ‍ॅझोरिडक्टेज' असे नाव दिसले की आम्हांला आता हा अडकित्ता आठवतो.

जनुकाचा शोध घेण्याचा दुसरा मार्ग उलट्या बाजूने जातो. जिवाणूच्या डीएनएचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएत बसवायचा आणि ती वर्तुळे ई. कोलायमध्ये सोडायची. असे हजारो ई. कोलाय रंग घातलेल्या आगरवर पसरायचे. ज्या वसाहतीभोवती रंग नाहीसा होऊन स्वच्छ कडे पडेल, तिच्यात रंग तोडणारे जनुक आले असणार. कल्पना सुंदर आहे, पण अडचण वाचकांच्या लक्षात आली असेल. ई. कोलायकडे स्वतःचेच अ‍ॅझो-आर आहे! हवा कमी पडली की तो स्वतःच काही रंग घालवतो. ज्याला साक्षीदार म्हणून उभे केले तोच आरोपींपैकी एक निघतो. म्हणून मोकळ्या प्लाझ्मिडचा ई. कोलाय शेजारी तुलनेसाठी ठेवल्याशिवाय अशा प्रयोगाला अर्थ नाही.

तिसरा मार्ग बिघाडाचा. यात ट्रान्सपोझॉन म्हणजे उडी मारणारा डीएनएचा तुकडा वापरतात. तो जिवाणूच्या डीएनएत कुठेही घुसतो आणि जिथे घुसेल ते जनुक निकामी करतो. अशा हजारो बिघडलेल्या जिवाणूंमधून ज्याला रंग घालवता येत नाही तो शोधायचा आणि ट्रान्सपोझॉन कुठे बसला आहे ते वाचायचे. घरातला एकेक फ्यूज काढून कोणता दिवा विझतो ते पाहावे तसे. या मार्गाचा फायदा असा की आपल्या मनात आधी काही धरलेले नसले तरी चालते. ज्याचे नावही सुचले नसते असे जनुक त्यातून पुढे येते.

आणि अशी न सुचणारी जनुके आहेत. हे समजायला जर्मनीतील स्टुटगार्टच्या संशोधकांचे काम पाहावे. एल्बे नदीतून मिळालेला बीएन-६ नावाचा जिवाणू हवा नसताना सल्फो गटाचे अ‍ॅझो रंग घालवतो. पेशी फोडून काढलेल्या रसात रंग तोडणारे विकर कोणते, तर फ्लेविन रिडक्टेज. मग तेच जबाबदार म्हणावे की नाही? त्यांनी जिवाणूंमध्ये फ्लेविन रिडक्टेजचे प्रमाण मुद्दाम खूप वाढवले. फोडलेल्या पेशींच्या रसात रंग तोडण्याचा वेग खूप वाढला. पण अखंड, जिवंत पेशींमध्ये जवळजवळ काहीच फरक पडला नाही! २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे कारण सरळ आहे. सल्फो गटाचे रंग विद्युतभारित असतात, ते पेशीच्या पटलातून सहजी आत जात नाहीत. विकर घरात आणि रंग उंबऱ्याबाहेर. मग बाहेरचा रंग कोण तोडतो? याच गटाने १९९७ मध्ये दाखवले होते की बीएन-६ नॅप्थॅलीन सल्फोनेट पचवताना क्विनोन प्रकारची संयुगे बाहेर सोडतो. ती पेशीच्या पटलावरून इलेक्ट्रॉन घेतात, बाहेर जाऊन रंगाला देतात आणि पुन्हा परततात. पोस्टमनसारखे. इथे 'रंग तोडणारे जनुक' शोधायला गेलो तर ज्याला आपण रंगाशी जोडलेच नसते अशा, नॅप्थॅलीन पचवणाऱ्या जनुकांपर्यंत जाऊन पोचतो.

शेवानेला ओनिडेन्सिस याची युक्ती वेगळी. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ओनिडा सरोवरातला हा जिवाणू १९८८ मध्ये प्रसिद्धीस आला, कारण हवेऐवजी मँगनीजवर तो श्वसन करतो. त्याच्या पटलातून बाहेरपर्यंत सायटोक्रोम प्रथिनांची एक साखळीच असते, जणू भिंतीतून बाहेर काढलेली वीजतार. आतले इलेक्ट्रॉन त्या तारेने बाहेरच्या खनिजाला मिळतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले की अ‍ॅझो रंगही तो मुख्यतः याच तारेने घालवतो. तारेतली प्रथिने बनवणारी जनुके काढून टाकली की रंग घालवण्याची ताकद खूप घटते. या जिवाणूत फक्त 'अ‍ॅझोरिडक्टेज' शोधत बसलो असतो तर खरा कर्ता हातातून निसटला असता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एखादे जनुक रंग तोडू शकते, एवढ्यावरून जिवंत जिवाणूत रंग तुटण्याला तेच जबाबदार आहे असे म्हणता येत नाही. रोगकारक जनुकांच्या बाबतीत हाच प्रश्न स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडला आणि कसोटी घालून दिली. जनुक निकामी करा, गुण गेला पाहिजे. तेच जनुक परत द्या, गुण परत आला पाहिजे. दुसरी पायरी अनेक जण गाळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. जनुक काढताना शेजारच्या जनुकाला धक्का लागला असेल तर दोष भलत्याच्या माथी बसतो. परत दिल्यावर गुण परत येतो की नाही, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. शिवाय जनुक काढूनही रंग गेलाच, तर? ते जनुक निर्दोष असेलच असे नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत अ‍ॅझोरिडक्टेजची तीन निरनिराळी जनुके आहेत. एकाला बसवले तर दुसरे उठते.

आज जिवाणूची सगळी डीएनए-लिपी काही दिवसांत वाचून होते. हे वरदान आहे. रंग घातल्यावर कोणती जनुके जास्त जागी होतात हेही मोजता येते. पण त्यामुळे एक नवी घाईही आली आहे. लिपी वाचली, यादीत 'अ‍ॅझोरिडक्टेज' दिसले, 'लॅकेज' दिसले, 'पेरॉक्सिडेज' दिसले, की 'रंग तोडणारी जनुके सापडली' असे लिहून मोकळे व्हायचे. आमच्या मते ही संशयितांची यादी झाली, निकाल नव्हे. यादी जरूर करावी, पण तिला यादीच म्हणावे.

आता त्या रंगहीन तुकड्यांविषयी. इथे विषय प्रयोगशाळेतून थेट माणसाच्या शरीरात येतो. १९३२ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांना प्रोन्टोसिल या लाल अ‍ॅझो रंगाचा गुण सापडला. जंतुसंसर्ग झालेले उंदीर त्याने वाचत होते, पण परीक्षानळीत मात्र तो जंतूंना काहीच करीत नव्हता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कोडे सुटले. शरीरात अ‍ॅझो जोडी तुटते आणि सल्फॅनिलमाइड हा रंगहीन तुकडा निघतो, खरे औषध तो तुकडा. सल्फा औषधांचे युग असे सुरू झाले आणि असंख्य जीव वाचले. आतड्यातले जिवाणू अशा जोड्या तोडतात हे पुढे स्पष्ट झाले. पण तेच जिवाणू बेन्झिडीनपासून बनवलेला रंग तोडतात तेव्हा निघते बेन्झिडीन, म्हणजे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना हा रोग होतो असे फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच सांगितले होते. असे घातक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये निर्बंध घातले. भारतात बेन्झिडीनवर आधारित ४२ रंगांवर १९९३ पासून आणि आणखी ७० अ‍ॅझो रंगांवर १९९७ च्या अधिसूचनेने बंदी आली. सगळेच अमाइन असे नसतात हे खरे. पण बरणीतले पाणी निवळले म्हणून समाधान मानणाऱ्याने हा इतिहास वाचावा. नाल्याकाठी ज्यांची घरे आहेत, ज्यांची मुले त्या पाण्यात उतरतात, त्यांना लाल पाणी निदान दिसते तरी. रंगहीन अमाइन दिसत नाही.

अ‍ॅझो नसलेल्या रंगांतही हाच प्रश्न येतो. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग मत्स्यशेतीत बुरशीविरुद्ध वापरला जाई. कोरियातील संशोधकांनी २००५ मध्ये सिट्रोबॅक्टर जिवाणूतून हा रंग घालवणाऱ्या विकराचे जनुक मिळवले. पण हे विकर रेणू तोडत नाही, त्याचे रंगहीन रूप करते. रंग गेला तरी रेणूचा सांगाडा तसाच राहतो. माशांच्या मांसात हे रंगहीन रूप टिकून राहते, म्हणूनच अन्न तपासणीत हिरव्या आणि रंगहीन अशा दोन्ही रूपांचा शोध घेतात.

तेव्हा 'रंग तोडणारी जनुके' या शब्दांत आम्ही पुढची जनुकेही धरतो. अ‍ॅनिलिन या साध्या अमाइनचे उदाहरण घेऊ. स्यूडोमोनास पुटिडाच्या एका वाणात अ‍ॅनिलिनवरची पहिली पायरी पार पाडायलाच पाच जनुके लागतात, आणि ती प्लाझ्मिडवर एका ओळीत असतात. हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पायरीला प्राणवायू लागतो. इथेच गाडी अडते, कारण अ‍ॅझो जोडी तोडणे बहुधा हवा नसताना चांगले होते आणि अमाइनचे वलय फोडायला हवा लागते. स्टुटगार्टच्या गटाने १९९१ मध्ये बीएन-६ असलेल्या मिश्र संवर्धनाला आधी हवेविना आणि मग हवेत ठेवून मॉर्डंट यलो ३ या रंगाचा संपूर्ण निकाल लावून दाखवला. सल्फॅनिलिक आम्ल हा रंगांतून वारंवार निघणारा तुकडा. त्यावर जगणारी एस-१ आणि एस-२ या दोन जिवाणूंची जोडीही प्रसिद्ध आहे. एस-१ त्या तुकड्याचे पहिले रूपांतर करून काही भाग बाहेर टाकतो, त्यावर एस-२ जगतो, आणि बदल्यात एस-१ ला हवी ती जीवनसत्त्वे पुरवतो. अशा ठिकाणी 'जबाबदार जनुक' एका पेशीत शोधून कसे सापडणार?

त्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर आता आमच्याजवळ आहे. जिवाणू सापडला म्हणजे एक दिवस, एका चंबूत, एक रंग गेला. जनुक खात्रीने कळले म्हणजे तो कसा गेला, त्याचे काय झाले, आणि पुढची पायरी त्या जिवाणूकडे आहे की नाही हे सांगता येते. सांडपाण्याच्या टाकीतल्या गाळात वलय फोडणारी जनुके हजर आहेत की नाहीत, हे पीसीआर तपासणीने पाहता येते. नसतील तर वरचे पाणी कितीही निवळ दिसो, ते पुढे सोडताना विचार करावा लागतो. जनुके एकत्र जोडून एक 'सर्वभक्षी' जिवाणू बनवावा आणि नदीत सोडावा, ही कल्पना ऐकायला बरी वाटते. पण मिठाच्या, सोड्याच्या, गरम पाण्यात तो पाहुणा जिवाणू स्थानिकांपुढे टिकेलच असे नाही. आणि जनुकबदल केलेले जीव मोकळे सोडण्याला आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार परवानगी लागते, ते योग्यच आहे.

पुढच्या अभ्यासवर्गात बरणीचा प्रयोग आम्ही पुन्हा करणार आहोत. या वेळी तीन बरण्या असतील. एकीत गाळ, दुसरीत उकळून मारलेला गाळ, तिसरीत नुसते पाणी. मेलेल्या गाळाच्या बरणीतही रंग तितकाच गेला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, स्पिरिटची बाटली आणायची. ज्यांना संगणक उपलब्ध आहे त्यांनी त्याआधी एक काम करून यावे. अमेरिकेतील एनसीबीआयचे जनुकसंग्रहालय सर्वांना विनामूल्य खुले आहे. त्यात ई. कोलाय के-१२ या वाणाचे अ‍ॅझो-आर जनुक शोधावे. त्याचा क्रमांक बी-१४१२ आहे. त्याच्या नोंदीत जुने एसीपी-डी हे नाव कुठे आहे ते पाहून ठेवावे, आणि ते तिथे कसे आले हे वर्गात उभे राहून सांगावे.